'मला आठवतंय' आणि 'मी आठवतोय'

प्रश्न असा आहे की 'मला आठवतंय' आणि 'मी आठवतोय' ही दोन्ही रूपं ऐकू येतात, तर त्यातलं बरोबर कोणतं, आणि 'आठवण येणे' हे यात कुठे बसतं.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त अर्थ पार वेगळा आहे. 'मला आठवतंय' म्हणजे गोष्ट आपली आपण मनात आली, मी काही केलं नाही, म्हणूनच 'मला', जसं मला दिसतं, मला सुचतं, मला आवडतं. 'मी आठवतोय' म्हणजे ती अजून आलेलीच नाही, शोध चालू आहे. कुणी नाव विचारलं की आपण म्हणतो 'थांब हं, आठवतोय', आणि सापडलं की 'हां, आठवलं!', तिथे 'मी' लगेच गळून पडतो. शोधणं माझं काम पण सापडणं माझ्या हातात नाही, एवढं सगळं मराठी नुसत्या 'मी' आणि 'मला' वर सांगून मोकळी होते, मला हे फार आवडतं.

भूतकाळात मात्र नुसतं 'मी आठवलं' अर्धवट वाटतं. तिथे प्रयत्न दाखवायला आपण 'आठवून पाहिलं' म्हणतो: 'खूप आठवून पाहिलं पण आठवेना'. आणि हे 'आठवेना' म्हणजे निव्वळ 'आठवलं नाही' नव्हे बरं का, 'आठवलं नाही' मध्ये विषय संपतो, 'आठवेना' मध्ये माणूस अजून झटतोय आणि नाव काही दाद देत नाहीये. अशा वेळी चेहरा समोर येतो, नाव तीन अक्षरी आहे, 'स' वरून आहे हेही कळतं, कुणी चुकीचं नाव सुचवलं तर 'छे, ते नाही' हेसुद्धा ठामपणे सांगता येतं, आणि तरी नाव येत नाही. 'अगदी ओठांवर आहे' म्हणतो ते हेच. 1966 साली ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारले, तर शब्द ओठांवर अडकलेला असताना त्याचं पहिलं अक्षर किंवा तो किती अवयवांचा आहे (म्हणजे उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात) हे लोकांना बऱ्याचदा बरोबर सांगता आलं.

'आठवत नाही' आणि 'लक्षात नाही' हेही आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो, मी तरी फरक करीन. 'लक्षात नाही' म्हणजे ते मनात राहिलंच नाही. 'आठवत नाही' म्हणजे आत्ता येत नाहीये, एखादा क्लू मिळाला तर येईलही. टल्विंग आणि पर्लस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी त्याच 1966 मध्ये हेच दाखवलं, पाठ केलेल्या यादीतले जे शब्द आपणहून आठवत नव्हते त्यातले पुष्कळ शब्द, ते कुठल्या प्रकारातले आहेत एवढं सांगितल्यावर आठवले. आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, आठवण जागी करणाऱ्या अशा निमित्तांची लांबलचक यादीच आहे, सादृश्य, वियोग, सुख, दुःख, भय वगैरे. दुसऱ्या खोलीत जाऊन 'कशाला आलो होतो?' असं झालं की परत जिथून उठलो तिथे जाऊन उभं राहायचं, बहुतेक वेळा आठवतं, तेही यातलंच, कारण तो विचार मनात आला तेव्हा समोर जे होतं तेच पुन्हा समोर येतं.

आता 'आठवण येणे'. माहितीला हे चालत नाही, पासवर्डची आठवण येत नाही, पासवर्ड आठवतो. आठवण येते ती माणसाची, जागेची, दिवसांची, आणि त्यात ओढ असते. 'मला तू आठवलीस' म्हणजे काहीतरी बघून तू मनात येऊन गेलीस, 'तुझी आठवण आली' म्हणजे तू इथे असतीस तर बरं झालं असतं. 'आठवण काढणे' ला मात्र बहुधा दुसरं कुणीतरी लागतं, 'परवा सगळे तुझी आठवण काढत होते' म्हणजे तुझ्याबद्दल बोलत होते, एकट्याला मनातल्या मनात येते ती आठवण, चारचौघांत काढली जाते ती पण आठवणच, पण क्रियापद बदलतं.