बाबांच्या झडपेची रंगीत तालीम

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा ७७ वर्षांचे, अजून शेतात जातात, पण पावसाळ्यापासून जरा चढ आला की दम लागतो, मागच्या महिन्यात भाताच्या मळणीला चक्कर येऊन पडले पण. बेळगावात इको केला तर हृदयाची झडप चुना साठून आवळलीय म्हणाले, छाती न उघडता मांडीतून नवीन बसवता येईल. पुण्याचा भाचा म्हणतोय आता कॉम्प्युटरवर मॉडेल करून पुढे काय भानगड होणार ते आधीच कळतं, ते केल्याशिवाय हात लावू देऊ नका. मग त्यासाठी थांबू का?
– एक लेक, खानापूर

उत्तर : ताई, चक्कर येऊन पडल्याचं तुम्ही जाताजाता लिहिलंत, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. त्याच्याकडे शेवटी येतो.

नळीवाटे झडप बसवायला टावी म्हणतात, २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. ॲलन क्रिबिए यांनी ती पहिल्यांदा केली. यात जुनी झडप काढतच नाहीत, नवीन झडप दुमडून आत नेतात आणि जुनीच्या आत उघडतात, त्यामुळे जुनीवरचे चुन्याचे खडे तिथंच भिंतीकडे दाबले जातात आणि बऱ्याच भानगडी इथूनच सुरू होतात. खडा आडवा आला तर त्या बाजूला नवीन झडप नीट टेकत नाही, फटीतून रक्त मागे गळतं. झडपेच्या अगदी खालून हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग गेलेली असते, ती दाबली गेली की पेसमेकर लागतो. आणि क्वचित जुन्या झडपेचा पडदा सरकून हृदयालाच रक्त देणाऱ्या नळीचं तोंड झाकतो, हे सगळ्यात वाईट.

मॉडेलवाले काय करतात, तर बाबांच्या स्वतःच्या सीटी स्कॅनवरून त्यांची झडप खड्यांसकट कॉम्प्युटरवर उभी करतात, मग तिच्यात २३ मिलिमीटरची बसवून बघ, २६ ची बघ, थोडी वर, थोडी खाली, दाब कुठं येतो, फट कुठं राहते. नाटकाची रंगीत तालीम असते ना, तसंच. झडपेला तीनच्या ऐवजी जन्मापासून दोनच पडदे असतील किंवा आधी बसवलेल्या झडपेत दुसरी बसवायची असेल, तर ही तालीम खरंच कामाची, कारण तिथं नेहमीच्या मापांनी अंदाज चुकू शकतो.

पण बाबांच्या झडपेभोवतीची भिंत ताणल्यावर किती ताणेल हे सीटीत दिसत नाही, ते कॉम्प्युटरला गृहीत धरावं लागतं. सीटी काढताना हलले तर चित्रच चुकतं, मग पुढचं सगळं चुकीचं. खड्याचा कण सुटून मेंदूत जाऊन लकवा होईल का, जंतुसंसर्ग होईल का, हे कुठलंही मॉडेल छातीठोक सांगू शकत नाही. त्यामुळे काय होणार ते कळतं हे भाच्याचं म्हणणं मला पटत नाही, धोका कुठं आहे ते कळतं एवढं मी मान्य करतो.

आणि बघा, पेसमेकर लागण्याची शक्यता साध्या ईसीजीवरून पण बरीच कळते, त्यात उजव्या बाजूचा बंडल ब्लॉक, म्हणजे त्या वायरिंगच्या उजव्या फांदीत अडथळा, आधीच असेल तर शक्यता चांगलीच वाढते. डॉक्टरांना एवढं विचारा की बंडल ब्लॉक आहे का, रक्तनळीचं तोंड झडपेपासून किती उंचीवर आहे, खडे कुठल्या बाजूला जास्त आहेत. टावीच्या आधीचा सीटी तसाही करावाच लागतो, त्यात हे दिसतं, फक्त त्यासाठी शिरेतून देतात त्या डायमुळे किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी बघून घ्या. सीटीची सीडी मागून घ्या, नुसती फिल्म नको, मॉडेल करायचंच ठरलं तर मूळ डेटाच लागतो.

थांबायचं का विचारलंत, तर नाही. झडप आवळलेली असताना चक्कर येणं म्हणजे वेळ कमी आहे. मॉडेल चार दिवसांत होत असेल तर करा, त्यासाठी महिनाभर तारीख पुढे ढकलू नका. आणि तोवर बाबांना शेतात एकटं सोडू नका, परत चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तारखेची वाट न बघता लगेच बेळगावला घेऊन जा.