भंडारदऱ्याला जरूर जा, पण गाडी पाण्याच्या काठाला उतरवू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार, तुमची चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर, मित्राची साधी टू व्हील ड्राइव्ह एसयूव्ही. शेंडीहून रतनवाडीकडे जाताना मध्येच रस्ता सोडायचा, धरणाच्या उघड्या पडलेल्या पात्रात उतरायचं आणि पाण्याला लागून तंबू ठोकायचा, असा बेत. त्यातलं "तळ तेव्हा कोरडा ठणठणीत असतो, व्हिडिओत गाड्या आरामात जाताना दिसतात" हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. २०१९ च्या फेब्रुवारीत मी हेच म्हणत होतो. फक्त धरण भोरजवळचं भाटघर होतं.

स्टेपनी, टॉर्च, औषधं, हवा भरायचा पंप हे सगळं तुमच्याकडे असणारच, त्यावर लिहीत नाही.

धरणाचं पाणी रोज थोडंथोडं आटतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवसांचं पाणी, सुटलं की पातळी भराभर उतरते, आवर्तन थांबलं की तिथेच राहते. त्यामुळे पात्र पट्ट्यापट्ट्यांनी उघडं पडतं. वरचा पट्टा महिना-दोन महिने उन्हात तापलेला असतो, त्यावरून गाडी खरंच जाते. व्हिडिओत दिसतो तो हाच. खालचा पट्टा आठवड्यापूर्वीपर्यंत पाण्याखाली असतो. गाडीत बसून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात, पांढुरके आणि भेगाळलेले. खालच्या पट्ट्यावर मात्र कोरडा पापुद्रा असतो चार बोटांचा आणि त्याखाली लोण्यासारखा गाळ.

त्या दिवशी आम्हाला खूण दिसली होती. म्हशी पाण्यावर जाऊन आलेल्या, त्यांच्या खुरांचे ठसे वीतभर खोल होते आणि प्रत्येक ठशाच्या तळाशी पाणी चमकत होतं. एक पोरगा ओरडून म्हणालाही, "तिकडं खाली नका जाऊ, रुततंय." मी हात हलवून पुढे गेलो. पाणी तिथून जेमतेम पन्नास पावलांवर होतं.

पुढचं उजवं चाक आधी खचलं. फार नाही, रिमच्या कडेपर्यंत. आता जे सांगतो ते या सगळ्या उत्तरात सर्वांत महत्त्वाचं आहे. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असता, तर चार माणसं आणि एक फावडं एवढ्यावर आलो त्याच चाकोरीतून मागे निघालो असतो. मी फोर लो, म्हणजे जास्त ताकदीचा हळू गिअर, टाकला आणि रेस दिली. टायरच्या खाचांत गाळ भरला, टायर गुळगुळीत झाले आणि चाकं जागच्या जागी फिरून स्वतःखाली खड्डा खणत राहिली. जेमतेम अर्धं मिनिट. थांबलो तेव्हा चेसिस गाळावर टेकली होती आणि क्लच जळल्याचा वास आत भरला होता. एकदा पोट टेकलं की चाकांवर वजनच राहत नाही. मग फोर बाय फोर असो नाहीतर दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक, काही चालत नाही.

दुपारचे साडेतीन वाजले होते. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्सचे वेगळे पैसे भरले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. टेकाडावर चढून रेंज मिळवली. पहिल्या फोनला पिनकोड आणि रस्त्याचं नाव विचारलं. दुसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून सगळी माहिती. तिसऱ्यांदा "४५ मिनिटांत टीम निघेल" असं सांगितलं. त्या भरवशावर आम्ही अंधार पडेपर्यंत गाळाला हात लावला नाही. पावणेआठला चौथा फोन लावला तेव्हा पलीकडून विचारलं, "सर, गाडी मोटरेबल रोडवर आहे का?" नाही म्हटल्यावर उत्तर आलं की मग ही केस बसत नाही, अटींमध्ये लिहिलं आहे. अट असेल, मान्य आहे. पण हा प्रश्न साडेतीनला विचारायचा होता! उजेडाचे तीन तास त्यांनी आमचे खाल्ले आणि फेब्रुवारीच्या थंडीत दोन लहान मुलं गाडीत झोपवावी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे चौकशी केली तेव्हा दुसरीकडेही अशाच अटी निघाल्या. तुम्ही आजच तुमच्या कंपनीला विचारा की गाडी पक्क्या रस्त्यापासून किती आत असली तर येता. उत्तर ईमेलवर घ्या.

सकाळी गावातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टर त्यांनी वरच्या टणक पट्ट्यावरच उभा केला, खाली आणायला साफ नकार दिला. आधी तासभर चेसिसखालचा गाळ उपसायला लावला, कारण गाळ गाडीला खालून धरून ठेवतो, ती पकड सुटल्याशिवाय ओढलं तर तुटतं ते गाडीचंच. जॅकखाली फळी, चाक उचललं की खाली दगड आणि त्यावर भाताचा पेंढा, एकेक चाक करत. मग उलट्या दिशेने, आमच्याच चाकोरीतून ओढली. बाहेर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पेंढ्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ट्रॅक्टरचे तीन हजार मी बळेच दिले. क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि मजुरी मिळून पुढे २२ हजार गेले.

दोर बांधण्याबद्दल एक सांगतो. कंपनीने दिलेला टो हूक किंवा चेसिसला पक्का बसवलेला पॉइंटच वापरा. बंपर नाही, आणि मागे लावलेला टोइंगचा गोळा तर अजिबात नाही. ताणाखाली तो तुटला तर गोळीसारखा येतो. दोरावर मधोमध जाड घोंगडी टाका आणि माणसांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा.

आता तुमच्या बेताबद्दल. माझं मत स्पष्ट आहे, पात्रात उतरू नका. भंडारदऱ्याचा तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे रस्ता सोडून गाडी घालणं हा हौसेचा विषय नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न येतो. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती जपून ठेवा, मुक्कामाचं आणि चुलीचं तिथेच विचारून घ्या. शिवाय धरणांच्या उघड्या पात्रात बऱ्याच ठिकाणी गाळपेर असते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्यातल्याच कुणाचं तिथे हरभऱ्याचं नाहीतर गव्हाचं पीक उभं असतं. आपल्या चाकोऱ्या त्यावरून जातात हे मला फार उशिरा कळलं.

मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि पांजऱ्यावरून परत शेंडी असा तलावाला वळसा घाला. मित्राच्या गाडीलाही हा रस्ता झेपेल. खरा ऑफरोड हवा असेल तर कुणाच्या खाजगी जागेतला ट्रॅक गाठा, तिथे काढायला माणसं असतात. तंबू गावातल्या कुणाच्या तरी रानात, पैसे देऊन लावा. पिठलं-भाकरी मिळते, संडासाची सोय होते आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस असतो. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ पहाटे बघा, गर्दी नसते. तंबूची वरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर सकाळी आतून सगळं ओलं होतं. थंडी वाजते म्हणून लोक ती बंद करतात आणि श्वासाच्या वाफेने भिजलेल्या पांघरुणात उठतात.

इतकं सांगूनही कुठे मातीत उतरायची वेळ आलीच, तर आधी पायी जा. सोबत पहार न्या आणि दर पाच पावलांवर मारा. सहज वीतभर आत गेली तर तिथूनच परत फिरा. टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर पकड वाढते, पण गाळ खोल असेल तर त्याने काही वाचत नाही. मी मेकॅनिक नाही. हे माझ्या गाडीचे आणि माझ्या टायरचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघून ठरवा.

तुम्ही पुण्यातून निघताय असं लिहिलंय. माझ्याकडे सागवानी दोन फळ्या, लहान दांड्याचं फावडं आणि चांगला दोर आहे. मेसेज करा, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा.