टॉम बॉम्बॅडिलचा राग

प्रश्न : मुलीच्या लाडक्या अद्भुत कादंबरीवर चित्रपट येतोय. ट्रेलरमध्ये नायिकेचे केस काळे दिसले, म्हणून ती दोन दिवस धुसफुसतेय. समजूत कशी घालू? — एक आई, मिरज

उत्तर : घालूच नका, मीही त्यातलाच! २००१ साली टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरच्या पीटर जॅक्सनच्या चित्रपटाचा पहिला भाग यायचा होता. त्यातून पुस्तकातल्या टॉम बॉम्बॅडिलला गाळल्याचं कळलं आणि मी भरल्या ताटावरून उठलो. निळा कोट, पिवळे बूट, अखंड गाणारा हा अवलिया मला जादूगार गॅन्डाल्फहून प्रिय. घालणाऱ्याला अदृश्य करणारी ती जादूची अंगठी बोटात घालूनही तो अदृश्य होत नाही! आईनं ताट झाकून ठेवलं, एवढंच.

चित्रपटगृहात हाताची घडी घालूनच बसलो. पुस्तकात जखमी नायक फ्रोडोला आपल्या घोड्यावर बसवणारा योद्धा ग्लोरफिंडेलही गायब, त्याच्या जागी नायिका आर्वेन. शेजाऱ्याला ऐकू जाईल असं ‘हॅट्’ म्हणालो. पण मोरियाच्या खाणीत बालरॉग हा आगीचा राक्षस आला आणि घडी कधी सुटली कळलंच नाही. बॉम्बॅडिलचा राग मात्र अजून आहे.

लेकीला पहिल्या दिवसाचं तिकीट काढून द्या. तोवर घरात केसांचा विषय नको, अगदी तेल लावतानाही.