पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कोडची किरकोळ साफसफाई करून पाठवली, तर तिला काही किंमत असते का?

तुम्ही लिहिलंय की कोड वाचताना बारीकसारीक गोष्टी खटकल्या, वीसेक फाइलींत त्या नीट करून पॅच (सुचवलेल्या बदलांची फाइल) पाठवला आणि 'याची गरज काय?' एवढंच उत्तर आलं. वाईट वाटणारच. माझाही पहिला पॅच असाच परत आला होता.

किंमत असते, नक्की असते. फक्त आधी एक हिशोब समजून घ्या. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. म्हणजे नवं काम चालतं ती मुख्य शाखा, मास्टर, सोडून साधारण ५ जुन्या शाखा कायम जिवंत असतात. उद्या डेटा बिघडवणारा बग सापडला, तर दुरुस्ती त्या सगळ्यांत न्यावी लागते. तुम्ही मास्टरमध्ये नुसतं व्हेरिएबलचं नाव बदललेलं असेल आणि दुरुस्ती नेमकी त्याच ओळींवर आली, तर गिट (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) कॉन्फ्लिक्ट दाखवतं, म्हणजे बदल आपोआप जुळत नाही, आणि कमिटरला (बदल कोडमध्ये घालायचा अधिकार असलेल्याला) एकेक शाखा हाताने जुळवत बसावं लागतं. घाईत केलेल्या अशा जुळवाजुळवीतच नवे बग शिरतात. १७व्या आवृत्तीत लिस्टवर लूप फिरवायचे नवे, सुटसुटीत मॅक्रो (कोड थोडक्यात लिहायचे शॉर्टकट) आले, तेव्हाही जुने सगळे लूप सरसकट बदलले नाहीत. मोजकेच बदलले.

म्हणून माझा सल्ला: जुना कोड सोडा, याच वर्षी आलेला कोड वाचा. तो अजून कुठल्याच जुन्या शाखेत नसतो, त्यामुळे नवी शाखा फुटायच्या आत तो स्वच्छ केला तर पुढे कुणालाच त्रास नाही. साधं उदाहरण घ्या. बफरला एक स्ट्रिंग (मजकूर) जोडायची असते आणि लिहिणारा सवयीने 'अपेंडस्ट्रिंगइन्फो' या फंक्शनला '%s' ('इथे स्ट्रिंग घाल' असा फॉरमॅट) देऊन मोकळा होतो. तिथे 'अपेंडस्ट्रिंगइन्फोस्ट्रिंग' हवं, म्हणजे फॉरमॅट वाचायचं काम वाचतं. आणि कुणी बाहेरून आलेली स्ट्रिंगच फॉरमॅटच्या जागी दिली असेल, तर तो सरळ बग आहे: तिच्यात एखादं '%' आलं की फंक्शन न दिलेले आर्ग्युमेंट शोधायला भलतीकडची मेमरी वाचू लागतं. नव्या कोडमध्ये या फंक्शनचे चुकीचे वापर शोधून काढणारे कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतात. ते वाचा, कमिट मेसेज कसा लिहायचा तेही कळेल.

दुसरा प्रकार मला फार आवडतो: चूक पुन्हा होऊच नये अशी साफसफाई. आतल्या ब्लॉकमध्ये बाहेरच्याच नावाचं व्हेरिएबल पुन्हा जाहीर झालं, की वाचणारा फसतो. अशा जागा नीट केल्या आणि १६व्या आवृत्तीपासून त्याची वॉर्निंग कंपायलरच्या नेहमीच्या फ्लॅगमध्येच घातली. आता ते काम कंपायलर करतो.

पाठवताना एका पॅचमध्ये एकाच जातीचा बदल ठेवा. पीजीइंडेंट (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) चालवा, रिग्रेशन टेस्ट (जुनं काही मोडलं नाही ना ते तपासणाऱ्या चाचण्या) चालवा, आणि बदल का केला ते दोन वाक्यांत लिहा. मोकळ्या जागा, ओळींची मांडणी यांना हात लावू नका, ते काम पीजीइंडेंटचंच आहे.

तुमच्या यादीत एका फंक्शनवरच्या कॉमेंटचा उल्लेख आहे, काढून टाकलेल्या आर्ग्युमेंटचं वर्णन अजून तिथे आहे म्हणता. बाकीच्या फाइली बाजूला ठेवा आणि तेवढाच एक पॅच या आठवड्यात पाठवा. ती कॉमेंट खरोखर दिशाभूल करते.