मुतखड्याचं बिल आणि फॉर्ममधले दोन 'नाही'

पत्र : मी जळगावला एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. वय 38, हातात पगार 58 हजार. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई (64). गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता कमरेतून कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या. कॅज्युअल्टीत नेलं. इंजेक्शन, सलाइन, सोनोग्राफी करून सकाळी घरी सोडलं, 7 हजार झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सीटी स्कॅनमध्ये 9 मिमीचा खडा मूत्रनलिकेत अडकलेला दिसला. दुर्बिणीतून लेझरने फोडला, आत स्टेंट (तात्पुरती नळी) ठेवला. दोन रात्री राहिलो, बिल 98 हजार. त्यातले 90 हजार क्रेडिट कार्डवर टाकून वर्षाचे हप्ते करून घेतले. दहा महिन्यांपूर्वीच आम्हा चौघांची 5 लाखांची मेडिक्लेम घेतली होती, वर्षाला 31 हजार. कंपनीने दोन्ही क्लेम नाकारले. वर तीन वर्षांपूर्वी मला खडा झाला होता, त्याचे कागद मागत आहेत. फॉर्म भरताना एजंट म्हणाले होते की तो खडा आणि आईची शुगर लिहू नका, हप्ता वाढतो. आता म्हणतात, जुने कागद नाहीत असं कळवा. असा विमा काय कामाचा? पॉलिसी बंद करून म्युच्युअल फंडात दरमहा अडीच हजारांची एसआयपी करावी, स्वतःचाच दवाखान्याचा फंड उभारावा, असं वाटतं. मित्राला 18 टक्के मिळाले. त्याच एजंटकडच्या दोन आयुर्विमा पॉलिसी आहेत (वर्षाला 72 हजार, विमा मिळून 11 लाख), त्या चालूच ठेवणार आहे. गृहकर्ज 22 लाख बाकी. एफडी सव्वा लाखाची, मुलीच्या शिक्षणासाठी. सल्ला द्यावा.

उत्तर : तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो. पॉलिसी बंद करू नका.

दरमहा अडीच हजार, 10 टक्क्यांनी, पाच वर्षांत 1 लाख 95 हजारांच्या आसपास होतात. मित्राचे 18 टक्के सलग पाच वर्षं मिळाले असं धरलं, आणि तसं धरून घरखर्च आखणं मला मान्य नाही, तरी 2 लाख 40 हजार. आईची एक अँजिओप्लास्टी त्यातले बहुतेक सगळे घेऊन जाईल. आणि आजार पाच वर्षं थांबत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर तुमच्या फंडात 65 हजार असतील, म्हणजे या मुतखड्यालाही ते पुरले नसते.

क्लेम नाकारले ते नियमाला धरूनच. पहिल्या रात्री तुम्ही 24 तास ॲडमिट नव्हता. कॅज्युअल्टीत इंजेक्शन घेऊन सकाळी घरी जाणं साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. दुसऱ्या वेळी, मुतखडा हा बहुतेक सगळ्या पॉलिसींत पहिली दोन वर्षं न मिळणाऱ्या आजारांच्या यादीत असतो. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे हे त्याच यादीतले. पॉलिसी विकताना ही यादी तुमच्यासमोर वाचली गेली नाही, याचा मला राग आहे. ती यादी काही फार मोठी नसते.

तुमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का, हे पत्रात नाही. उद्याच एचआरला विचारा. ग्रुप पॉलिसीत ही दोन वर्षांची अट बहुतेक वेळा काढलेली असते. असला, तर हेच बिल तिथे देता येईल, पण कागद देण्याची मुदत कमी असते.

आता तुम्ही जे विचारलंच नाही, त्याकडे येतो. 98 हजारांपेक्षा मला काळजी आहे ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या एका वाक्याची.

फॉर्मवर दोन ठिकाणी 'नाही' लिहिलंय. तुम्हाला आधी खडा झाला होता का, नाही. आईला मधुमेह आहे का, नाही. एजंटने मोबाइलवर फॉर्म भरला असेल आणि तुमच्याकडे फक्त ओटीपी मागितला असेल. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. कायद्याने ते उत्तर तुमचं आहे, एजंटचं नाही. उद्या प्रकरण उभं राहिलं, तर एजंट शेजारी उभा राहणार नाही.

खड्याचं एक वेळ निभावेल. आईचं नाही. दवाखान्यात कोणालाही ॲडमिट केलं की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, शुगर-बीपी आहे का, किती वर्षांपासून? आणि तुम्ही खरं सांगता, सांगायलाच हवं, कारण औषध त्यावर ठरतं. ते उत्तर केस पेपरच्या पहिल्या ओळीत जातं आणि तोच कागद विमा कंपनीकडे जातो. उद्या आईला हृदयाचा किंवा किडनीचा त्रास झाला, चार लाखांचं बिल झालं, तर कंपनी तो क्लेम नाकारेल आणि पॉलिसीही रद्द करू शकेल. तुमची पॉलिसी चौघांची मिळून एक आहे. मुलीचं संरक्षणही त्याच कागदावर आहे. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबात वडिलांच्या बायपासच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. पैसे मुलाने गावची जमीन विकून भरले. तो फॉर्म भरणाऱ्याने त्या वर्षी त्यांचे फार तर पाच-सहा हजार वाचवले होते.

पाच वर्षं गेली की कोणी विचारत नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. अर्धं खरं आहे. 2024 पासून विमा नियामकाने ही मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. तुमचे 10 महिने झालेत. उरलेले 50 महिने 64 वर्षांच्या मधुमेही आईला काही होणार नाही, या भरवशावर काढायचे का? शिवाय जुन्या खड्याचे कागद असताना 'नाहीत' असं लेखी कळवलंत, तर चूक राहणार नाही, फसवणुकीचा पुरावा तुम्हीच तयार करून द्याल. एजंटचा हा सल्ला अजिबात ऐकू नका.

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं असते. हप्ता थोडा वाढला असता. बस. मधुमेह आहे म्हणून सरसकट कोणी नाकारत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. पॉलिसीच्या कागदांसोबत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे तुमच्या त्या अर्जाची, प्रत आलेली असते, ती आज रात्री काढून पत्नीसोबत एकेक उत्तर वाचा. आणखी काही चुकलेलं सापडेल. मग कंपनीला पत्र आणि ई-मेल दोन्ही पाठवा: अमुक सदस्याबद्दलची ही माहिती फॉर्ममध्ये राहिली, सोबत कागद जोडले आहेत, नोंद करून अटी कळवाव्यात. कंपनी हप्ता वाढवेल, तुमच्या खड्यावर दोनऐवजी तीन वर्षांची अट लावेल, किंवा पॉलिसी रद्दही करेल. हा धोका मी लपवत नाही. पण तुम्ही धडधाकट चालता-फिरता असताना ते कळणं परवडेल, आयसीयूच्या दारात नाही.

आईसाठी स्वतंत्र पॉलिसीचा अर्ज करा, मधुमेह, गोळ्यांची नावं, वर्षं, सगळं लिहून. नाहीतरी तिला तुमच्यासोबत एका पॉलिसीत घालणं चूकच होतं. अशा पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो, म्हणजे 31 हजारांतला बराच भाग तिच्या वयाचा आहे. तिची वेगळी झाली की तुम्हा तिघांची बरीच स्वस्त होईल. नवी हातात येईपर्यंत जुनीतून तिचं नाव काढू नका. आणि रेशनकार्ड शोधून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2024 पासून पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि मुतखड्याच्या शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथले आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) कुठे बसतात, हे आत्ताच बघून या. ज्याला एकदा खडा झाला त्याला पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो, तुम्हाला तर तीन वर्षांत दोनदा झाला. जळगावच्या मे महिन्यात 44 अंशांत काम करणाऱ्याने हे गृहीतच धरावं. काढलेला खडा तपासायला दिला होता का, डॉक्टरांना विचारा. तो कशाचा आहे यावर पुढचं पथ्य ठरतं.

हे सगळं भागवायला पैसे कुठून? त्या 72 हजारांतून. मोठ्या पॉलिसीचं गणित तुम्ही पाठवलंय: वर्षाला 48 हजार, 20 वर्षं, शेवटी 'साधारण 17 लाख'. हा परतावा 5 टक्के आहे. पीपीएफच्या आजच्या 7.1 टक्क्यांनी त्याच पैशांचे 21 लाख होतात. आणि विमा म्हणून बघाल तर 22 लाखांच्या कर्जावर 11 लाखांचं कव्हर. उद्या तुम्ही नसलात तर घर बँकेचं. ही पॉलिसी तुमच्या वयाच्या, कर्ज आणि लेकरू असलेल्या माणसाला विकणं मला अक्षम्य वाटतं.

आधी एक कोटीची टर्म पॉलिसी (शेवटी पैसे परत न देणारा, निव्वळ मृत्यूचा विमा) घ्या, 18 हजारांच्या आसपास बसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. त्या फॉर्ममध्येही खडा लिहा. ती हातात आली की दोन्ही जुन्या पॉलिसींची सरेंडर रक्कम (आज बंद केल्यास मिळणारी) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास शेवटी मिळणारी) कंपनीकडून लेखी मागवा. ते आकडे आले की मला पाठवा, दोन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही. पण पुढचे हप्ते भरायचे नाहीत, हे नक्की. 72 मधले 18 टर्मला, 35 च्या आसपास आईच्या पॉलिसीला, उरलेले 19 हजार बचत खात्यात.

कार्डाचे हप्ते तसेच राहू द्या. 90 हजारांवर 15 टक्क्यांनी वर्षाचं व्याज साडेसात हजार. एफडी मोडून फेडलंत तर एफडीचं बुडणारं व्याज, मोडण्याचा दंड आणि कार्डाचं मुदतपूर्व शुल्क जाऊन हातात फार तर हजारभर उरतील. एवढ्यासाठी घरातली एकमेव रोकड संपवू नका, कारण पुढची दोन-तीन वर्षं खड्याचा खर्च तुमच्याच खिशातून व्हायचा आहे. फक्त त्या एफडीला मुलीच्या शिक्षणाची म्हणू नका, ती दवाखान्याची आहे. शिक्षणाची एसआयपी कार्डाचे हप्ते संपल्यावर, त्यातून सुटणाऱ्या दरमहा आठ हजारांतून सुरू करू.

आणखी एक. स्टेंट काढल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. पैशांची ओढाताण आहे म्हणून ते पुढे ढकललं असेल, तर ढकलू नका. स्टेंट आत राहून गेला की त्यावरच खडे जमतात आणि मग मोठं ऑपरेशन लागतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जा, लागले तर एफडीतले दहा हजार त्यासाठी मोडा.