53व्या वर्षी व्हीआरएस घेऊन सरकारी कंपनीतून बाहेर पडलं, तर पुढे काम मिळतं का?

तुम्ही लिहिलंय, कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, जाहीर केली आहे, वय 53, नोकरी 28 वर्षं, मुलीचं शिक्षण चालू आहे आणि या वयात बाहेर कोण दारात उभं करणार. काम मिळतं, हे आधी सांगतो. फक्त पदाच्या नावाने शोधायला गेलात तर मिळत नाही. हे कळायला माझे सात-आठ महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बीएसएनएलमध्ये सांगली जिल्ह्यात केबल जॉइंटिंगच्या कामावर होतो. ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्र सरकारने योजना मंजूर केली. वयाची पन्नाशी गाठलेल्यांनी 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या काळात अर्ज भरायचे होते. झालेल्या नोकरीच्या दर वर्षाला 35 दिवसांचा आणि उरलेल्या दर वर्षाला 25 दिवसांचा पगार, असा एक्स-ग्रेशियाचा, म्हणजे नोकरी सोडल्याच्या भरपाईचा, हिशोब होता. बीएसएनएलमधून सुमारे 78 हजार आणि एमटीएनएलमधून 14 हजारांवर माणसं 31 जानेवारी 2020 ला, एकाच दिवशी, निवृत्त झाली. त्यातला मी एक, तेव्हा 52 वर्षांचा. निरोप समारंभात एकेकाबद्दल दोन शब्द बोलायलाही वेळ नव्हता. नावं वाचत गेले आणि आम्ही रांगेने शाल-नारळ घेऊन जिना उतरलो. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला.

पुढे सगळं उघडल्यावर मी पाच-सहा ठिकाणी बायोडेटा दिला. वर पद, खाली नोकरीची वर्षं, त्याखाली शिक्षण. एका खाजगी ठेकेदाराने बोलावलं आणि तोंडावर म्हणाला, "सरकारी माणूस तुम्ही, उन्हात उभं राहणं तुम्हाला जमायचं नाही." ते वाक्य मला फार लागलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर, कृष्णेचं पाणी ओसरलं तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही पिलर, म्हणजे रस्त्याकडेच्या टेलिफोन केबलच्या पेट्या, उघडले होते, तारांची एकेक जोडी तपासून लाइनी चालू केल्या होत्या. घरी येऊन हे चिडून सांगत होतो, तर मुलगी म्हणाली, "पण बाबा, हे तुम्ही कागदावर लिहिलंय कुठे?"

त्या रात्री आम्ही दोघांनी वहीत लिहायला घेतलं. फॉल्ट किती मीटरवर आहे ते काढणं. 800 जोड्यांच्या केबलचा जॉइंट. खोदाईवर देखरेख. रस्ता खोदायच्या परवानगीसाठी नगरपालिकेत अर्ज, त्याचा पाठपुरावा. पुरानंतरचं काम. दोन पानं भरली. पद सगळ्यात खाली, एका ओळीत. तो कागद घेऊन गावातल्या इंटरनेटवाल्याकडे गेलो. त्याने सगळं वाचलं आणि बोट ठेवलं ते परवानगीच्या ओळीवर. त्याच्या पोरांना केबल ओढता येत होती, पण कचेरीत कोणत्या टेबलावर काय कागद द्यायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. महिना 14 हजारांवर लागलो. आधीच्या पगाराच्या मानाने फार कमी, पण जोडीला पेन्शन होती.

फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, मात्र शिकावं लागलं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलगा शिकवायला होता. आयुष्यभर तांब्याच्या तारा पिळलेली बोटं, आणि हातात केसाएवढी काच. पहिले पाच जोड मोडले, कारण मी सवयीने दाबत होतो. "काका, हलक्या हाताने, ती आपोआप बसते," तो म्हणायचा. मग त्याने बारा तंतूंची नळी सोलून पुढे ठेवली आणि रंगांचा क्रम पाठ करायला सांगितला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. मी त्याच्याआधीच म्हणून दाखवला. तांब्याच्या केबलमध्ये हेच दहा रंग. जोडीतली एक तार पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंतची, दुसरी निळ्यापासून राखाडीपर्यंतची. शेवटचे गुलाबी आणि आकाशी एवढेच मला नवे होते. त्या दिवशी तंतू जोडायच्या मशीनच्या पडद्यावर 0.02 डीबी आकडा आला, म्हणजे जोडात सिग्नल जवळजवळ वाया जात नव्हता, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या बरोबरीच्यांचं सांगतो. हिशोब विभागातले एक जण सीएकडे जीएसटीची विवरणपत्रं भरतात. तक्रार कक्षातल्या एक ताई रुग्णालयात मेडिक्लेमच्या खिडकीवर आहेत, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे त्यांना उत्तम जमतं. एकाने शाळेची व्हॅन घेतली. ज्यांनी आपल्या आधीच्या हुद्द्याच्या तोडीचं काही मिळेल म्हणून वाट पाहिली, ते बरीच वर्षं घरी राहिले, आणि त्यातल्या दोघांची तब्येत खचलेली मी पाहिली आहे.

सही करण्याआधी योजनेचं परिपत्रक स्वतः वाचा, युनियनच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. केंद्राच्या एका कंपनीतून व्हीआरएस घेऊन दुसऱ्या केंद्रीय सरकारी कंपनीत रुजू व्हायचं तर मिळालेली भरपाई परत करावी लागते, हे अनेकांना माहीत नसतं. ग्रॅच्युइटी आणि पेन्शनची विक्री (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली मिळणारी एकरकमी रक्कम) नेमकी कोणत्या तारखेला मिळणार ते लेखी विचारा. आमच्या योजनेत हे सगळं एकदम मिळालं नव्हतं. भरपाईतले 5 लाखांपर्यंत करमुक्त असतात, बाकीच्यावरचा कर धरूनच हिशोब मांडा. आणि पहिले सहा महिने त्या रकमेला हात लावू नका. भाच्याचं हॉटेल, मित्राचा प्लॉट, सगळे त्याच वेळी दारात येतात. नाही म्हणताना जीव जातो, तरी म्हणा.

तुमची कंपनी कोणती ते लिहिलं नाही तरी चालेल, पण रोज सकाळी कामावर गेल्यावर पहिले दोन तास तुम्ही काय करता, तेवढं सांगा. त्यावरून कुठे विचारायचं ते मला जमेल तसं सांगतो.