पार्किंगमध्ये जुना लेथ बसवायचाय? घेण्याआधी हे बघा

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन. घराखाली दहा बाय बाराची जागा, सिंगल फेज मीटर, जुन्या बुलेटचे बुश आणि एक्सल करायचेत, आणि प्रश्न असा की नवा चायनीज मिनी लेथ घ्यावा का भोसरीत बंद होणाऱ्या वर्कशॉपमधला साडेचार फुटी थ्री फेज लेथ. मी म्हणेन जुना घ्या, पण बेड (खालचा लांब लोखंडी पाया, ज्यावर बाकी भाग सरकतात) धड असेल तरच. मिनी लेथ वाईट नसतो, पितळ-अ‍ॅल्युमिनियमला छान चालतो, पण बुलेटच्या कामात एमएसवर (माइल्ड स्टील) जरा मोठा कट घेतला की तो थरथरायला लागतो, वजनच नाही ना त्याला.

बघायला जाताना डायल गेज (अगदी बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) आणि मॅग्नेटिक स्टँड न्या. रंगावर जाऊ नका, विकायला काढलेल्या लेथला ताजा हिरवा रंग मारलेला असतोच. बेड सगळ्यात जास्त झिजतो चकजवळ (चक म्हणजे काम पकडून फिरणारा भाग), कारण बहुतेक कामं तिथेच होतात. म्हणून सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणा, त्याचा लॉक बोल्ट जेमतेम सरकेल इतका आवळा आणि हँडव्हीलने टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाचा आधार) न्या. थोडा जड होणार, ते चालतं, पण मध्येच ठार अडकला तर नमस्कार करून घरी या. मग चकखाली लाकडी दांडा घालून स्पिंडल (ज्यावर चक बसतो तो फिरणारा दांडा) उचलून बघा, डायल वर लावून. ०.०१-०.०२ एमएम हलला तर बेअरिंग अ‍ॅडजस्ट करून भागतं. क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणारा भाग) बॅकलॅशला, म्हणजे स्क्रूमधल्या ढिलेपणाला, घाबरू नका, तो सगळ्याच जुन्या मशीनला असतो, कट घेताना स्क्रू नेहमी एकाच बाजूने फिरवत आणायचा म्हणजे झालं.

चेंज गिअर (आटे काढताना बदलायचे सुटे गिअर) मात्र मोजून घ्या. जुन्या लेथचा लीड स्क्रू (आटे काढताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) बऱ्याचदा इंचाला ४ आट्यांचा असतो, त्यावर एमएमचे आटे बरोबर काढायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो (२५.४ गुणिले ५), आणि नेमका तोच हरवलेला असतो.

थ्री फेजची काळजी सोडा. मोटर १-२ एचपीची असेल तर सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री फेज देणारा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) बसवा. आधी टर्मिनल बॉक्स उघडा, सहा वायरी बाहेर असतील आणि प्लेटवर २३० डेल्टा / ४१५ स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल तर पट्ट्या बदलून डेल्टा करायचा. तीनच वायरी असतील तर वाइंडिंगवाल्याकडे जावं लागेल. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नका, चालू लोडवर तो फिरवला की ड्राइव्ह उडतो, ऑन-ऑफ सगळं व्हीएफडीवरूनच. आणि स्पिंडलवर चक आट्यांनी बसत असेल तर ब्रेकिंगचा टाइम लांब ठेवा, झटक्यात थांबवलं किंवा उलटं फिरवलं की चक सुटून अंगावर येतो. हळू स्पीडसाठीही बॅक गिअरच (स्पीड कमी करून ताकद वाढवणारे लेथमधले गिअर) वापरा, नुसती फ्रिक्वेन्सी उतरवली तर ताकद मिळत नाही आणि मोटर तापते.

बसवल्यावर लेव्हल केल्याशिवाय काम सुरू करू नका. चकमध्ये जाड बार धरून १५० एमएम बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावायचा नाही, दोन्ही टोकांना अगदी बारीक कट मारा आणि मायक्रोमीटरने मोजा. माप सारखं येत नसेल तर बेडला पीळ आहे, टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) सरकवत ते सारखं करायचं. यात एखादा रविवार जाईल, जाऊ द्या.

टूलसाठी पैसे बाजूला काढा, मशीनइतकाच खर्च हळूहळू तिकडे होतो. फोर जॉ चक (चार जबड्यांचा), एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट, बेंच ग्राइंडर, एवढ्यावर बरंच निघतं. हे घ्यायला पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. २५ एमएमच्या एमएसला एचएसएसने साधारण ३२० आरपीएम ठेवा.

हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, चकची चावी चकमध्ये सोडायची नाही, लांब चिप हाताने ओढायची नाही. पार्किंग उघडं असेल तर पावसाळ्यात रोज काम संपलं की बेड पुसून तेलाचा हात मारा, कोकणात असाल तर झाकायला प्लास्टिक नको, आत घाम धरतो, जुनी सुती चादर तेल लावून टाका.